पांढरा गुलाब खडूसारखा का दिसतो? फाँतँ-लातूरची फुलं आणि आपला पॅलेट

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन वर्षं तैलरंगात काम करताय. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार आँरी फाँतँ-लातूर याचे पांढरे गुलाब आवडले म्हणून बाजारातून अर्धा डझन पांढरे डच गुलाब आणले, मागे काळं कापड लावलं आणि खिडकी अधिक ट्यूबलाइट अशा उजेडात बसलात. पांढरा टायटॅनियम होता. पाकळी न् पाकळी काढली. फुलं कागदाची, कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी झाली, पांढरा खडूसारखा निर्जीव दिसला, आणि दुसऱ्या दिवशी बसेपर्यंत गुलाब उमलून भलतेच झाले होते. चित्राचा फोटो टाकून आता तुम्ही विचारताय की ग्लेझिंग (वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर) करायला हवं होतं का, मीडियम (रंगात मिसळायचं तेल वगैरे) कोणतं घ्यावं, ब्रश कोणता.

मीडियमचा आणि ब्रशचा यात फारसा दोष नाही. खरी अडचण अशी की तुम्ही पांढरं फूल पांढऱ्या रंगानं रंगवलंत. फाँतँ-लातूरचं पांढरं फूल जवळून पाहिलं तर त्याचा बहुतेक भाग राखाडी, मातकट, किंचित पिवळा किंवा हिरवट असतो. शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारे फटकारे एका फुलात दोन-तीन. हे एकदा मनात बसलं की बाकीचे प्रश्न, म्हणजे पार्श्वभूमी, कडा, उजेड, सगळे त्याच्या मागोमाग सुटत जातात. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग पांढऱ्यावरच खर्च करतो.

आधी ग्लेझिंगचं, कारण ते तुम्हाला कसलं चित्र हवंय यावर अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये फुलं रंगवण्याच्या निदान दोन अगदी वेगळ्या रीती होत्या. एक लियॉनची. तिथला रेशमाचा धंदा फुलांच्या नक्षीवर चालायचा, म्हणून तिथल्या कलाशाळेत फुलांचा स्वतंत्र वर्गच होता. आंत्वान बेर्झाँ तिथे शिकवायचा, पुढे सिमाँ सँ-झाँ याच वातावरणातून आला. या मंडळींचं काम गुळगुळीत, प्रत्येक दवबिंदू मोजून घ्यावा असं. तुम्हाला असं चित्र हवं असेल तर पातळ थर, वाळू देणं, पुन्हा थर, हीच वाट आहे, आणि एका चित्राला आठवडे लागतील.

दुसरी रीत पॅरिसची, जिच्यात फाँतँ-लातूर आणि फ्रेंच चित्रकार एदुआर माने येतात. तिथे फूल समोर ठेवून, ओल्या रंगात ओला रंग मिसळत, शक्यतो ते कोमेजायच्या आत काम संपवायचं. फाँतँ-लातूर (नाव वाचून आपलं लातूर आठवेल, पण हा माणूस आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबलचा, १८३६ ते १९०४) लूव्र संग्रहालयात वर्षानुवर्षं जुन्या चित्रांच्या प्रती करून तयार झाला. त्याची फुलं फ्रान्सपेक्षा इंग्लंडमध्ये जास्त विकली जायची, एडविन एडवर्ड्स आणि त्याची पत्नी रूथ यांच्यामार्फत. पॅरिसच्या 'सालों' या अधिकृत कलाप्रदर्शनात तो मुख्यतः व्यक्तिचित्रं आणि संगीतातल्या कल्पनांवरची चित्रं पाठवायचा. त्याची पत्नी व्हिक्टोरिया द्युबूर हीसुद्धा फुलांची उत्तम चित्रकार होती. तिची चित्रंही शोधून पाहा, तिचे गुलाब बघून पांढऱ्याविषयी तितकंच शिकता येतं. तुम्हाला जे आवडलंय ते या दुसऱ्या रीतीतलं आहे, म्हणून ग्लेझिंग सध्या विसरा.

आता फूल. याकडे कुणी लक्ष देत नाही, पण तुमचा निम्मा गोंधळ इथे आहे. आपल्याकडे मावळातल्या पॉलिहाउसमधून येणारा लांब देठाचा गुलाब हा हायब्रिड टी जातीचा असतो. मध्ये उंच टोकदार कळी, भोवती बाहेरच्या बाजूला वळलेल्या कडांच्या मोजक्या जाड पाकळ्या. या जातीची सुरुवात १८६७ साली लियॉनच्या गियो नावाच्या रोपवाटिकाकारानं काढलेल्या 'ला फ्रांस' या गुलाबापासून मानतात. फाँतँ-लातूरच्या चित्रांत प्रामुख्यानं दिसतात ते त्याआधीच्या वळणाचे बागेतले गुलाब: सेंटिफोलिया आणि त्याची भावंडं. त्यांचा आकार वाटीसारखा, वरून चपटा, आत पाकळ्यांची दाटी, बहुतेकदा चार भागांत विभागल्यासारखी. पाकळी पातळ असते, उजेड तिच्यातून आरपार जातो. फूल जड आणि देठ लवचीक, म्हणून माना कललेल्या.

डच गुलाबाची पाकळी जाड, कडा वळलेली आणि तिच्याखाली धारदार सावली. ती जशी दिसते तशी काढलीत तर चित्रात कडाच कडा येणार, ते कात्रीनं कापल्यासारखं दिसणार. म्हणून फूल बदला. गुलकंदासाठी वापरतात तो गावठी गुलाब या जुन्या गुलाबांच्या वळणाला कितीतरी जवळचा आहे. रंग गुलाबी असतो, पण शिकायला तो उत्तम. पांढराच हवा असेल तर पांढरे ॲस्टर घ्या. फाँतँ-लातूरनं ॲस्टर भरपूर रंगवलेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं १८६८चं ॲस्टर आणि फळांचं चित्र आहे. आपल्या फुलबाजारात ॲस्टरची जुडी स्वस्तात मिळते आणि पाणी बदलत राहिलं तर फुलं चार-पाच दिवस सहज टिकतात. शेवंतीही चालेल. पहिली पाच-सहा चित्रं यांवर काढा, मग गुलाबाकडे या.

आता पांढरा. फाँतँ-लातूरच्या पॅलेटवर टायटॅनियम असणं शक्यच नव्हतं. हा रंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखान्यात बनायला लागला, चित्रकारांपर्यंत त्यानंतर पोचला. एकोणिसाव्या शतकातला मुख्य पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. १८४०च्या दशकापासून जस्ताचा पांढराही तैलरंगात आला. शिशाचा पांढरा थोडा उबदार असतो, थोडा पारदर्शक असतो आणि दुसऱ्या रंगात मिसळला की त्याला गिळून टाकत नाही. ब्रशचा फटकारा तो दोरीसारखा उभा धरून ठेवतो. टायटॅनियमचं सगळं उलटं: थंड, पूर्ण अपारदर्शक आणि भयंकर ताकदीचा. गेरू असो की ओकर, त्यात टायटॅनियम पडला की दोन मिनिटांत पीठ होतं. तुमची 'खडू'ची तक्रार इथून सुरू होते.

शिसं विषारी आहे, त्यामुळे घरात काम करणाऱ्याला शिशाचा पांढरा घ्या असं मी सांगणार नाही. जस्ताचा पांढराही मुख्य रंग म्हणून नको. तेलात तो वाळून ठिसूळ होतो आणि पुढे तडकतो, सुटतो. उपाय साधा आहे, टायटॅनियमची ताकद कमी करायची. खडूची शुद्ध पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जवसाच्या तेलात पॅलेट नाइफनं लोण्यासारखी मळा. गंमत म्हणजे पाण्यात पांढरीशुभ्र दिसणारी ही पूड तेलात जवळजवळ पारदर्शक होते, कारण प्रकाश वळवण्याची तिची क्षमता तेलाच्या आसपासच असते. तीन भाग टायटॅनियमला एक भाग हा लगदा मिसळा. रंग थोडा नरम आणि अर्धपारदर्शक होतो, फटकारा उभा राहतो. पूड हाताळताना मास्क लावा, आणि लगदा एका भागाहून जास्त घालू नका. तेल वाढलं की पुढे पिवळेपणा वाढतो.

ताकद कमी केली तरी दुसरी चूक शिल्लक राहते, ती म्हणजे टोनची. शून्य म्हणजे काळा आणि दहा म्हणजे नळीतला पांढरा अशी पट्टी धरा. एका बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात पांढऱ्या फुलाची उजेडाकडची बाजू साधारण आठ ते साडेआठ असते. मधला टोन सात. सावलीची बाजू पाच-साडेपाच. पाकळ्यांच्या आत खोल फट चार. साडेनऊ फक्त एखाद्या पाकळीच्या वळलेल्या कडेवर, तिथे उजेड सरळ आपटतो तेवढ्यावर. तुम्ही बहुधा सगळं फूल नऊ ते दहाच्या मध्ये रंगवलंत. मग वर चढायला जागाच उरली नाही, आणि पाकळ्या वेगळ्या दाखवायला गडद रेषा ओढाव्या लागल्या. शेजारच्या दोन पाकळ्यांत खरा फरक अर्ध्या पायरीचा असतो, तिथे तुम्ही चार पायऱ्यांची रेघ मारलीत.

हे डोळ्यांना पटत नाही, कारण 'फूल पांढरं आहे' हे मन सतत सांगत असतं. म्हणून मोजा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चार ते नऊपर्यंत सहा राखाडी पट्ट्या रंगवा, वाळू द्या. पुठ्ठा फुलाशेजारी त्याच उजेडात धरा, एक डोळा मिटा, दुसरा अर्धवट मिटा, आणि सावलीचा भाग कोणत्या पट्टीत विरघळतो ते पाहा. पहिल्या वेळी विश्वास बसणार नाही इतका तो गडद निघेल.

रंग आधीच नाइफनं मिसळून ठेवा. फुलं समोर कोमेजत असताना मिसळत बसायला वेळ नसतो. ४६ गुणिले ३८ सेंटिमीटरच्या कॅनव्हासला (फ्रेंच मापात हा आठ नंबर) पाच ढीग पुरतात. उजेडाचा: सुपारीएवढा पांढरा आणि मसुराच्या दाण्याएवढा यलो ओकर. मधला: अर्ध्या सुपारीएवढा पांढरा, तुरीच्या दाण्याएवढा रॉ अंबर, कोबाल्ट ब्लूचं जेमतेम टोक. सावलीचा: पांढरा आणि रॉ अंबर निम्मे-निम्मे, थोडा ओकर, आयव्हरी ब्लॅकचं टोक. आतल्या खोलीचा: ओकर, किंचित बर्न्ट सिएना, थोडा पांढरा. हा ढीग उबदारच हवा, कारण पाकळ्यांमधून गाळलेला उजेड आत एकमेकींवर आपटून पिवळसर होतो. पांढऱ्या गुलाबाच्या पोटात राखाडी भरलं की फूल मेलंच. आणि पाचवा ढीग पार्श्वभूमीचा.

हा पाचवा ढीग सगळ्यात मोठा असतो आणि त्याचा एक वाटा सावलीच्या ढिगात मिसळायचा. पांढऱ्या वस्तूच्या सावलीत आजूबाजूचं सगळं उमटतं. पार्श्वभूमीचा रंग फुलाच्या सावलीत शिरला की फूल त्या हवेतलं वाटतं. नुसता पांढरा अधिक काळा अशी सावली केलीत तर निळसर सिमेंट मिळेल. तुमच्या फोटोत ते दिसतंय.

आता मागचं काळं कापड काढा. काळ्यावर पांढरं ठेवलं की फुलाच्या सगळ्या परिघावर सर्वांत तीव्र फरक येतो, मग कोणतीही कडा मऊ करता येत नाही. फाँतँ-लातूरच्या फुलांमागे बहुतेकदा राखाडी-तपकिरी, कधी हिरवट झाक असलेली भिंत असते, साधारण चार ते पाचच्या टोनची, म्हणजे फुलाच्या सावलीच्या अगदी शेजारची. म्हणूनच त्याचं फूल उजेडाच्या बाजूला ठळक आणि सावलीच्या बाजूला मागे विरघळलेलं दिसतं. टेबलाची मागची कडसुद्धा तो कित्येकदा इतकी पुसट ठेवतो की टेबल कुठे संपलं ते शोधावं लागतं. घरी यासाठी महागडं काही लागत नाही. मोठ्या खोक्याचा तपकिरी पुठ्ठा फुलांच्या मागे दीड-दोन फुटांवर उभा करा, म्हणजे त्याच्यावर उजेड कमी पडेल आणि तो आपोआप एक पायरी गडद होईल.

ही पार्श्वभूमी रंगवायची कशी हे महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही ती सपाट, दाट भरलीत. फाँतँ-लातूरच्या चित्रांत ती पातळ, घासलेली, ब्रशच्या आडव्या-तिरक्या हालचाली दिसणारी असते. कुठे कॅनव्हासचं विणकाम वर येतं, कुठे खालचा रंग डोकावतो. त्यामुळे ती मागे राहते आणि जाड रंगातलं फूल पुढे येतं. आदल्या दिवशी रॉ अंबर, थोडा काळा आणि पांढरा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर चोळा आणि जुन्या सुती कापडानं पुसून काढा. अंबर लवकर वाळतो, दुसऱ्या सकाळी काम करता येतं. पांढरा कॅनव्हास झाकला गेल्यामुळे पांढऱ्या फुलाचा टोन पहिल्या फटकाऱ्यापासून बरोबर कळतो. नुसत्या पांढऱ्या कॅनव्हासवर तो कधीच कळत नाही. फ्रेंच चित्रकार कूर्बेसारखं एकदम गडद अस्तर घ्यायचा मोह मात्र टाळा. काळोख्या अस्तरावरचे पातळ उजळ थर वर्षं जातील तसे बुडत जातात.

कडांचा नियम मी असा सांगेन: सगळ्या परिघातली फार तर तिसरा हिस्सा कडा धारदार, ती उजेडाकडची. बाकीची ओली असतानाच मोडायची. कोरडा, स्वच्छ हॉगहेअर फ्लॅट (डुकराच्या राठ केसांचा चपटा ब्रश) घ्या आणि पार्श्वभूमीकडून फुलात, सावलीच्या बाजूनं, एकदाच हलका ओढा. दोनदा ओढलात की चिखल. नंतर काही ठिकाणी उलटं करा: पार्श्वभूमीचा रंग घेऊन पाकळीला बाहेरून आकार द्या. फुलाची बाह्यरेषा अशी बाहेरून कोरलेली असेल तर ती कधीही तारेसारखी दिसत नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात. खिडकी आणि ट्यूबलाइट हे एकत्र चालत नाहीत. दोन सावल्या पडतात, मधला टोन नाहीसा होतो, आणि पांढऱ्या फुलाचा गोलपणा मधल्या टोनमध्येच असतो. एकच खिडकी ठेवा, डावीकडून, फुलांपेक्षा थोडी उंच. पुस्तकांत उत्तरेची खिडकी सांगतात ती पॅरिससारख्या ४८-४९ अंश उत्तरेच्या गावासाठी अगदी बिनचूक आहे. आपण १६ ते २२ अंशांवर आहोत. मेच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेलाही जातो आणि त्या खिडकीतून थेट ऊन आत येतं. त्या दिवसांत खिडकीवर पांढऱ्या मलमलीचं एकेरी कापड ताणून लावा.

आता वेळ, कारण तुमचे गुलाब उमलून गेले ही तक्रार खरी आहे. फाँतँ-लातूर उन्हाळ्यात नॉर्मंडीतल्या ब्युरे गावी राहायचा, दाराशीच बाग. ताजं फूल समोर आणि हवा थंड. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची सकाळ त्याच्या सगळ्यांत जवळ जाते. एप्रिलमध्ये गुलाब रंगवायला घेऊ नका, ॲस्टर घ्या. फुलं आणल्यावर देठ पाण्यात बुडवून ठेवूनच तिरका कापा, म्हणजे देठात हवा शिरत नाही. पाण्याखाली येणारी पानं काढा आणि फुलं खोल बादलीत, अंधाऱ्या खोलीत दोन तास ठेवा. पंखा फुलांवर नको, स्वतःकडे वळवा. रात्री फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर आत केळी, आंबे, सफरचंद नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं फुलं लवकर सुकतात. टेबलावर तीन तास फळं आणि फुलं शेजारी राहिली तर काही बिघडत नाही.

रंगवण्याचा क्रमही ठरवून ठेवा. सगळ्यांत आधी अर्धवट उमललेलं फूल, कारण त्याचा आकार अर्ध्या तासात बदलतो. नंतर पूर्ण उमललेलं. ते गळेल अशी भीती वाटते, पण गळेपर्यंत आकार धरून असतं. शेवटी पानं आणि भांडं, ती कुठे जात नाहीत. पहिली पंधरा मिनिटं फक्त मोठे आकार: फुलांचा सगळा गुच्छ एकच गोळा समजून उजेड आणि सावली अशा दोनच टोनमध्ये मांडा. मग प्रत्येक फूल स्वतंत्र गोळा म्हणून, तेही दोन टोनमध्ये. इथे चित्र दूरून फुलांसारखं दिसायला हवं. दिसत नसेल तर पाकळ्यांनी ते सुधारणार नाही, खरवडून पुन्हा मांडा. पाकळ्या त्यानंतर, आणि प्रत्येक फुलात सातआठच. एक पाकळी म्हणजे एक फटकारा, बाहेरच्या कडेपासून आत ओढलेला: सुरुवातीला रंग जाड, शेवटी आपोआप पातळ. बाकीच्या पाकळ्या पाहणाऱ्याचा डोळा पुऱ्या करतो. शेवटी ते दोन-तीन साडेनऊचे ठिपके.

फूल बदलतंच, तिथे स्मरणशक्ती लागते, आणि ती सरावानं येते. फाँतँ-लातूरचा गुरू ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ याची शिकवण्याची सगळी पद्धत यावरच उभी होती. १८४८ साली त्यानं चित्रकाराच्या स्मरणशक्तीच्या शिक्षणावर पुस्तिकाही लिहिली. शिल्पकार रोदँसुद्धा त्याचाच विद्यार्थी. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्र काढतो, पण तिथे बाजार, जत्रा असले प्रसंग कल्पनेनं रचतो. इथे नेमकं करायचं ते असं: एक फूल पाच मिनिटं नुसतं पाहा, कागद-पेन्सिलीशिवाय. मनात बोला, कुठली पाकळी सगळ्यांत उजळ, कुठली तिच्या खाली जाते, मान किती कललीय. मग पाठ फिरवून काढा. पुन्हा वळून चुका तपासा. रोज एक, महिनाभर. पुढे चित्रात फूल अर्ध्या तासानं उघडलं तरी तुम्ही पहिल्या अवस्थेलाच धरून राहाल. तुमच्या चित्रात डावीकडच्या गुलाबाचा वरचा भाग पहिल्या दिवसाचा आहे आणि खालचा दुसऱ्या दिवसाचा, म्हणून तो पिळवटल्यासारखा वाटतो.

पानांवर एक सूचना. गुलाबाच्या पानाचा वरचा पृष्ठभाग खिडकीतल्या आभाळाचा उजेड परत फेकतो, म्हणून तो हिरवा कमी आणि निळसर राखाडी जास्त असतो. हिरवा खरा दिसतो तो उजेड आरपार येणाऱ्या पानात. नळीतला हिरवा थेट लावू नका. व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएना घालून तो मोडा. टोन दोन-तीनच्या आसपास ठेवा, म्हणजे तुमचा आठचा पांढरासुद्धा झळकेल.

तुम्ही काचेचा पेला वापरलाय, त्यासाठी मानेकडे जा. १८८२-८३मध्ये, अखेरच्या आजारपणात, त्यानं काचेच्या भांड्यातल्या फुलांची छोटी चित्रं रंगवली. पॅरिसच्या ओर्से म्युझियममधलं कार्नेशन आणि क्लेमॅटिसचं चित्र त्यांतलंच. त्यात काच म्हणून वेगळा रंग जवळजवळ नाही. मागचा रंगच काचेच्या जागेवर थोडा गडद होऊन येतो, देठ पाण्याच्या रेषेपाशी तुटतात, आणि शेवटी मोजके पांढरे ठिपके. तुम्ही पेल्याला सगळीकडून पांढरी किनार दिलीत, त्यानं तो दुधाचा झाला. किनार पुसा आणि जिथे खिडकीचं प्रतिबिंब आहे तिथे एकच चौकोनी ठिपका ठेवा.

राहिली प्रती करण्याची गोष्ट. मोबाइलवर कुठूनही घेतलेला फोटो वापरू नका. त्यात उजळ टोन कापले जातात आणि आठ व नऊ एकच होऊन बसतात. मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या दोघांनी आपल्या बऱ्याच चित्रांच्या मोठ्या प्रतिमा मोफत दिल्या आहेत आणि दोन्हीकडे फाँतँ-लातूर आहे. त्या संगणकावर उघडा, एकच फूल हातभर मोठं करा आणि आधी त्याचा टोन मोजा.

जुन्या चित्रातला आजचा रंग म्हणजे चित्रकारानं लावलेलाच रंग, असंही धरून चालू नका. व्हॅन गॉगनं मे १८९०मध्ये सँ-रेमीत रंगवलेले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात, पण रंगवले तेव्हा ते गुलाबी होते. त्यानं वापरलेला लाल 'लेक' (रंजकापासून बनवलेला पारदर्शक रंग) उजेडानं उडून गेला. गावठी गुलाब रंगवताना हेच तुमच्याही चित्राचं होऊ शकतं, कारण गुलाबी म्हणजे थोडा लाल आणि भरपूर पांढरा, आणि कच्चा लाल पांढऱ्यात पातळ झाला की सगळ्यांत आधी उडतो. नळीवरचं रंगद्रव्याचं लेबल वाचा. अलिझरिन क्रिमझन, म्हणजे पी.आर. ८३, या कामाला नको. क्विनॅक्रिडोन रोझ, पी.व्ही. १९, घ्या. स्वस्त नळीवर रंगद्रव्य लिहिलेलंच नसेल तर तिचा पांढऱ्यात मिसळलेला पट्टा कागदावर ओढा, अर्धा काळ्या कागदानं झाका आणि मार्च ते मे थेट ऊन येणाऱ्या खिडकीत चिकटवून ठेवा. जूनमध्ये उघडून पाहा.

पुढचं चित्र ॲस्टरचं करा: पाच पांढरे, दोन जांभळे, साधं मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं, मागे पुठ्ठा, एक खिडकी, तीन तास. ते टाकाल तेव्हा सोबत त्याच चित्राचा आणि समोरच्या मांडणीचा असे दोन कृष्णधवल फोटो टाका. दोन्ही शेजारी ठेवले की सावलीचा टोन कुठे उडी मारतोय ते लगेच दाखवता येईल.